बाईंचे एक क्रियापद

मैदान, सहली आणि स्नेहसंमेलन यांवर माझे वर्गमित्र या स्मरणिकेत भरभरून लिहितीलच. मला लिहायचे आहे ते इंग्रजीच्या बाईंनी शिकवलेल्या एका क्रियापदावर : फिनिश.

बाईंनी एकदा फळ्यावर 'स्टॉप', 'एंड' आणि 'फिनिश' असे तीन शब्द लिहिले आणि अर्थ विचारले. तिन्हींना आमचे उत्तर एकच, संपणे किंवा थांबणे. "मग पाऊस फिनिश झाला असं इंग्रज का म्हणत नाही?" वर्ग गप्प. बाईंनीच सांगितले, पाऊस 'स्टॉप' होतो, रस्ता 'एंड' होतो, चित्र मात्र 'फिनिश' होते; कारण चित्राला कुठेतरी पोचायचे असते, पावसाला नसते. या क्रियापदात काम तडीस जाणे आधीच धरलेले आहे. आपला 'समाप्त' याच्या जवळचा, 'आप्' म्हणजे पोचणे, मिळवणे. पुढे व्याकरण आलेच : 'फिनिश रायटिंग' बरोबर, 'फिनिश टू राइट' चूक. इथे बाई गुण कापताना हात आखडता घेत नसत.

मग मूळ. लॅटिनमध्ये 'फीनिस' म्हणजे हद्द, शीव. त्यावरून 'फीनीरे' हे क्रियापद : हद्द घालणे, शेवट करणे. ते फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले, आणि येताना फ्रेंच रूपाचे शेपूट घेऊन आले. पनिश, व्हॅनिश, नरिश, अबॉलिश यांतला 'इश' तोच. (चाइल्डिशमधला वेगळा, तो अस्सल इंग्रजी प्रत्यय.) एकदा 'हद्द' हा अर्थ कळला की डिफाइन, कन्फाइन, इन्फिनिटी हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. व्याकरणातला 'इन्फिनिटिव्ह'सुद्धा तसाच, पुरुष आणि वचन यांची मर्यादा न पडलेला.

मला सगळ्यांत आवडते ती 'फाइन'ची गोष्ट. फाइन म्हणजे उत्तम आणि फाइन म्हणजे दंड, हे दोन्ही त्याच 'फीनिस'चे वंशज. शेवटच्या टोकापर्यंत नेलेले ते उत्तम, हे पटकन समजते. दंडाचे काय? मध्ययुगात तंटा मिटवण्यासाठी, प्रकरणाचा 'शेवट' करण्यासाठी जे द्यायचे, ते फाइन. 'फायनान्स'ही मुळात देणे चुकते करणे. इंग्लंडात तर जमिनीच्या न्यायालयीन तडजोडीलाच 'फाइन' म्हणत. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहायचा, दोनदा शेजारीशेजारी आणि एकदा तळाशी, मग ते नागमोडी रेषेत कापायचे. दोन्ही पक्षांना एकेक तुकडा मिळे, आणि 1195 पासून तळचा तुकडा सरकारी दप्तरात ठेवू लागले. त्याला 'फूट ऑफ फाइन', म्हणजे पायाकडचा भाग, असे नाव पडले. कोणी खोटी प्रत आणली तर कापलेल्या कडा जुळत नसत. ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद झाली. यातले बरेचसे मी नंतर वाचून काढले, पण वाचायची खोड बाईंची.

'एंड' मात्र या घराण्यातला नाही. तो जर्मानिक, आणि आपल्या 'अंत'चा सख्खा नसला तरी चुलतभाऊ नक्की. संस्कृतातही 'अन्त' म्हणजे कड, सीमा. दोन निराळ्या घराण्यांनी शेवटाची कल्पना हद्दीवरूनच बांधावी, याचे मला अजून नवल वाटते.

मी पुढे फर्निचरच्या धंद्यात पडलो, तिथे हा शब्द दिवसभर कानावर असतो. पॉलिश पेपर मारायचा, सीलर द्यायचा, वाळला की पुन्हा बारीक पेपर, मग शेवटचा हात. लाकडाचे 'फिनिशिंग' ते हेच. आमच्या भाषेत हा शब्द आता कामाचा शेवट कमी आणि पृष्ठभागाचा पोत जास्त सांगतो, आणि त्यातून रोज घोटाळे होतात. गिऱ्हाईक फोनवर विचारते, "कपाटाचं फिनिश कधी?" त्याला तारीख हवी असते. आमचा पॉलिशवाला अर्धेच ऐकून मागून ओरडतो, "मॅट!"