आधी बोटांना कळलं

सोमवार, रात्र

पहाटे 5 चा गजर. घर सोडायचं साडेआठला. मधल्या वेळातला दीड तास ओठांच्या वर, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेवर गेला. डोळे, केस, कपडे या सगळ्यांना मिळून वीस मिनिटं.

मी ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा ठरवली गेलेली. हार्मोन्स सुरू होऊन आता चौदा महिने झाले. लोक गोळ्यांबद्दल विचारतात, नव्या नावाबद्दल विचारतात, कागदपत्रांचं कुठवर आलं ते विचारतात. दाढीबद्दल कुणी विचारत नाही. माझा दिवस तर तिथूनच सुरू होतो. म्हणून हे इथे लिहून ठेवते आहे.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं होतं. इस्ट्रोजेनने, म्हणजे स्त्री-हार्मोनने, त्वचा मऊ होईल, अंगावरचे केस हळूहळू विरळ होतील, पण एकदा राठ झालेली दाढी गोळ्यांनी जात नाही. फार तर वाढ जरा मंदावते. आवाजाचंही तसंच, एकदा फुटलेला आवाज गोळ्या मागे नेत नाहीत. मी मान डोलावली होती. तरीही पहिले कित्येक महिने रोज सकाळी आरशात वाकून पाहायचे, माझ्या बाबतीत काही वेगळं घडतंय का म्हणून. नाही घडलं. त्या महिन्यांमधली ती आशा आठवली की अजून घसा दाटतो.

मंगळवार

घोटून दाढी केली तरी ती निळसर छटा उरतेच. का उरते ते कळलं तेव्हा माझा निम्मा राग शांत झाला. तोवर मला वाटायचं, माझीच दाढी नीट होत नाही. मग एकाच जागी पाच-पाच वेळा ब्लेड फिरवायचे, रक्ताचे टिपके उमटेपर्यंत. वर आग व्हायची, पुटकुळ्या यायच्या, काही केस आतल्या आत वळून त्यांच्या गाठी व्हायच्या, आणि त्या लाल गाठींवर पुन्हा मेकअप.

ब्लेड केस कापतं ते त्वचेच्या पातळीवर. त्याखाली काही मिलिमीटर खोलवर तोच काळा केस मुळासकट शाबूत असतो. उजेड त्वचेत शिरला की त्यातला लाल भाग खोल जातो आणि त्या काळ्या केसात मुरतो. निळा भाग वरच्या थरांतच विखुरतो आणि डोळ्यांकडे परत येतो. म्हणून काळा केस त्वचेतून निळा-राखाडी दिसतो. म्हणजे इतकी वर्षं मी जिला माझा निष्काळजीपणा समजत होते, ती त्वचेखालून दिसणारी गोष्ट होती. कुठलंही ब्लेड तिथवर पोचणार नव्हतं.

आता दाढीला घाई करत नाही. गरम पाण्याने आधी केस मऊ होऊ द्यायचे, नवं ब्लेड, आधी सुलटी, मग पुन्हा जेल लावून हलक्या हाताने उलटी. गळ्यावर उलटी करतच नाही, तिथली त्वचा सहन करत नाही. त्यानंतर मॉइश्चरायझर आणि निदान पंधरा मिनिटं थांबणं. हे थांबणं मला सर्वांत उशिरा जमलं. आरशासमोर उघड्या चेहऱ्याने बसून राहायचं, काही न लावता.

बुधवार

नारिंगीबद्दल लिहायचं राहिलं.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखीच चूक केली. त्वचेपेक्षा एक छटा उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, थेट त्या निळाईवर. निळ्यावर फिकट रंग चढला की खालचा निळा मरत नाही, वर येतो आणि सगळं राख फासल्यासारखं होतं. मग वर आणखी एक थर, त्यावर पावडर, पुन्हा थर. दुपारपर्यंत ओठांच्या कडेला भेगा. हसले की भेगा रुंद व्हायच्या, म्हणून मी हसणं आवरतं घ्यायचे. तेव्हाच्या फोटोंमध्ये माझे ओठ मिटलेले आहेत.

रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी असतो. समोरासमोरचे दोन रंग एकमेकांत मिसळले की दोघांचंही तेज मरतं आणि मातकट, त्वचेच्या जवळ जाणारी छटा उरते. मेकअपमधलं सगळं ‘करेक्टर’ प्रकरण एवढ्यावरच उभं आहे. गोऱ्या त्वचेला पीच पुरतो, गव्हाळ-सावळ्या त्वचेला ठळक नारिंगी लागतो, त्याहून गडद त्वचेला विटकरी लालसर. करेक्टर नसेल तेव्हा लाल-नारिंगी लिपस्टिकचं बोटही चालतं, मी पहिले दोन महिने तेच केलं. फक्त तिचा थर अगदी पातळ हवा आणि ज्या जागी निळं दिसतं तेवढ्यावरच. गालांच्या वरच्या भागात माझी दाढी दाट नाही. तिथे नारिंगी लावला तर तो नारिंगीच दिसत राहतो.

पण ते लावल्यावर आरशात जे दिसतं त्याची तयारी कुणी करून देत नाही. जे झाकायचं आहे त्याचाच आकार भडक रंगात समोर येतो. ओठांवर, हनुवटीवर, जबड्याच्या दोन्ही बाजूंनी दाढीचा नकाशाच. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी दिवा बंद केला आणि अंधारात बसले. मग पुसून टाकलं आणि त्या दिवशी सुट्टी घेतली.

पुढे एकदा असाच नारिंगी जबडा घेऊन बसले होते आणि दारावर टकटक झाली. धाकटी. “ताई, आत येऊ?” हे ‘ताई’ तेव्हा नवंच होतं, मध्येच तिची जीभ अडखळायची. मी नको म्हणायच्या आत ती आत आली होती. मी तोंडावर हात धरला. तिने तो बाजूला केला, माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, नीट पाहिलं आणि म्हणाली, “डावीकडे कानाखाली राहिलंय बघ.” आणि कपाटातून तिचा दुपट्टा घेऊन गेली.

ती गेल्यावर मी खूप वेळ रडले. करेक्टर पुन्हा लावावं लागलं.

गुरुवार, उशिरा

आज जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाली, “एवढं थापायची काय गरज आहे? जशी आहेस तशी ये की.” तिच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला कळतं. तरी दुपारभर ते वाक्य डोक्यात राहिलं. ‘जशी आहेस तशी’ म्हणजे तिच्या लेखी आरशातली सकाळची मी. माझ्या लेखी तशी मी कधीच नव्हते.

दाढी न झाकता, न काढता वावरणाऱ्या ट्रान्स स्त्रिया आहेत आणि त्या तितक्याच स्त्रिया आहेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मला ते जमत नाही. काही अंशी भीती आहे. रस्त्यात एखाद्याची नजर माझ्या हनुवटीवर थांबते, मग छातीवर, मग पुन्हा हनुवटीवर, आणि त्या दोन सेकंदांत मी पुढचं वळण कुठे आहे ते शोधून ठेवते. पण उद्या सगळं जग सुरक्षित झालं तरी मी करेक्टर लावेन. तो मला माझ्यासाठीही हवा आहे.

अमेरिकेतल्या लिडिया ओलिअरीबद्दल मागे वाचलं होतं, ते आज आठवलं. जन्मापासून तिच्या चेहऱ्यावर गडद लाल डाग होता. तो झाकेल असं काही बाजारात नव्हतं, म्हणून तिने स्वतःसाठी दाट, न ओघळणारं क्रीम तयार केलं, आणि 1932 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. कव्हरमार्क हे त्याचं नाव. तिलाही कुणीतरी विचारलं असेल, एवढं कशाला म्हणून. डाग, भाजल्याच्या खुणा, कोड, आणि माझी ही निळाई. त्या क्रीमची आजची भावंडं आम्ही सगळे वापरतो. या सगळ्यांना ‘नट्टापट्टा’ हा एकच शब्द पुरत नाही.

शुक्रवार

मला खरं लिहायचं होतं ते हाताबद्दल.

दाढी मला आधी दिसली नव्हती, लागली होती. पंधराव्या वर्षी, रात्री अंथरुणात, कुशीवर वळताना हाताची पाठ हनुवटीला घासली आणि काहीतरी टोचलं. सकाळी आरशात अजून काही नव्हतं. बोटांना मात्र कळलं होतं. तेव्हापासून हात दिवसातून शंभर वेळा तिथे जायचा. वर्गात, बसमध्ये, बोलता बोलता. वाढली का, किती वाढली. ते चाचपणं इतकं अंगवळणी पडलं की मला त्याची जाणीवही उरली नव्हती.

मेकअप शिकले तेव्हा डोळ्यांचा प्रश्न सुटला, बोटांचा नाही. रंग छटा झाकतो, खुंट झाकत नाही. दाढी दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. सकाळी सहाला घोटलेला चेहरा संध्याकाळी सहाला आरशात ठीक दिसतो, पण बाजूने ऊन आलं की फाउंडेशन प्रत्येक खुंटाला धरून बसलेलं दिसतं, आणि बोट फिरवलं तर खरखर स्पष्ट लागते. मीटिंगमध्ये सगळे मला ‘मॅडम’ म्हणत असायचे आणि माझा अंगठा जबड्यावर फिरून मला पंधराव्या वर्षात नेऊन सोडायचा. वर सगळा थर पुसून काढायचा तो वेगळाच.

म्हणून सुरुवातीला मी सगळं ब्रशने लावायचे. त्या जागेला बोट लागू नये म्हणून. पण ब्रशने घासलं की खालचा नारिंगी वरच्या फाउंडेशनमध्ये कालवला जातो आणि तोंड मातीने माखल्यासारखं होतं. शेवटी बोटावर आले. करंगळीशेजारचं बोट, कारण त्याला जोर कमी. क्रीम बोटाच्या उबेने सैल होतं आणि त्वचेवर बसतं. घासायचं नाही, ओढायचं नाही, टिपल्यासारखं दाबायचं आणि उचलायचं. नारिंगी बसला की थोडी पावडर दाबायची, तो तिथे बांधला जातो. मग ओल्या स्पंजने फाउंडेशन, तेही दाबूनच. पुन्हा पावडर. प्रत्येक थर पातळ.

या दाबण्या-उचलण्यात रोज बराच वेळ माझं बोट त्याच जागी असतं, जिथे ते वर्षानुवर्षं फक्त दोष शोधायला जायचं. नेमकं कधी काय बदललं ते सांगता येणार नाही. मध्यंतरी एका लांबलेल्या मीटिंगनंतर लक्षात आलं की दोन तासांत माझा हात एकदाही हनुवटीकडे गेला नव्हता. दोन्ही हात मांडीवर होते. मी तिथेच खुर्चीत थोडा वेळ बसून राहिले.

रविवार

तीन दिवस दाढी केलेली नाही. उद्या इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सुई आणि विजेने एकेक केस मुळापासून घालवणं.

लेझरची पाच सत्रं झाली आहेत. लेझरचा उजेड केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो, मूळ तापतं आणि निकामी होतं. पण वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसांवरच तो नीट लागू पडतो, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावं लागतं. माझी त्वचा सावळी, तिच्यातही तोच रंग, त्यामुळे भाजण्याचा धोका. माझ्यासाठी 1064 नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाचं यंत्र वापरतात. ते खोल जातं आणि वरच्या त्वचेला कमी धरतं. रबर बँड तापवून मारल्यासारखं दुखतं, वरच्या ओठावर तर डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. पांढऱ्या केसांना मात्र लेझर ओळखतच नाही, आणि माझ्या हनुवटीवर ते आहेत. त्यांना एकेक करून सुईच. ही पद्धत 1875 मध्ये चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीचे आत वळणारे केस काढण्यासाठी वापरली होती. सुई मुळाशी नेऊन विजेने ते मूळ संपवायचं. त्यासाठी केस चिमट्यात येईल इतका वाढलेला लागतो.

म्हणजे दाढी कायमची जावी म्हणून आधी ती वाढवायची. हे तीन दिवस मी बाहेर मास्क लावते, घरात आरशाकडे पाठ करते. काल रात्री कुशीवर वळताना हाताची पाठ पुन्हा घासली. लागलंच. फार वेळ झोप आली नाही. आज यापेक्षा जास्त लिहिवत नाही.

गुरुवार, रात्र

सोमवारचं पार पडलं. हनुवटी दोन दिवस सुजली होती, तिला हात लावला नाही. आज पुन्हा पूर्ण मेकअप, पुन्हा ऑफिस.

आता चेहरा पुसत होते. आधी तेलाने सगळं सैल करायचं, मग कापूस. घाईने खरवडलं तर दुसऱ्या दिवशी दाढी करताना आग होते, म्हणून सावकाश, एकेका भागाला वेगळा कापूस. वरच्या ओठाचा निघाला, त्यावर फाउंडेशनचा तपकिरी आणि त्याच्या आत नारिंगी. हनुवटीचा, तसाच. उजव्या जबड्याचा, थोडा कमी. डाव्या जबड्याचा कापूस पाहिला तर नुसता तपकिरी. दिव्याखाली धरला. कानापासून खाली कुठेही नारिंगी नव्हता.

सकाळचं आठवून पाहिलं. डावीकडे करेक्टर लावायला मी विसरले नव्हते. बोट तिथवर गेलं होतं, दाबून पाहिलं होतं, आणि काही न लावताच पुढे सरकलं होतं.