तिसऱ्या दिवसाचं वजन

बाळ एकवीस दिवसांचं होतं. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली जानेवारीची सकाळ. साडेनऊ वाजून गेले तरी ओट्यावर ऊन उतरलं नव्हतं. आशाताईने बाळाला झोळीत ठेवलं, स्प्रिंगचा वजनकाटा उचलला आणि वाचलं, "दोन किलो साडेचारशे." लगेच तक्त्यात लिहिलंही. मी तिच्या शेजारी बसून आधीचे आकडे बघत होते. जन्माला २,१०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी २,३५०. सातव्या दिवशी २,३५०. चौदाव्या दिवशी २,४००. आणि आज २,४५०.

वरवर बघितलं तर छान चढता तक्ता. पण तिसऱ्या दिवसाच्या आकड्यावर माझं बोट थांबलं. कुठलंही बाळ तीन दिवसांत अडीचशे ग्रॅम वाढत नाही. उलट पहिल्या काही दिवसांत बहुतेक प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. दहाव्या-चौदाव्या दिवसापर्यंत ते भरून निघतं आणि मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढ धरतात, म्हणजे आठवड्याला १४० ते २१०. या तक्त्यात चढ होता तो आठवड्याला जेमतेम ५० ग्रॅमचा. म्हणजे एकाच कागदावर दोन धोक्याच्या खुणा होत्या. आणि पहिल्या दोन भेटींचे आकडे महिन्याच्या बैठकीत माझ्याच टेबलावरून गेले होते. रकाने भरलेत एवढं पाहून मी सही केली होती.

मी गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी. हे काम बाहेरून फिरतीचं दिसतं: महिन्यातले वीस दिवस गावभेटी, आशांच्या नोंदी तपासणं, बैठका, अहवाल. पण नवजात बाळाच्या बाबतीत खरं काम एवढंच, की आशा जो आकडा लिहिते तो कसा आला हे तिच्या बाजूला बसून बघायचं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून हेच काम देशभर आशांकडे आलं. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची आणखी एक. गावोगावी पद्धत पोचली, तक्ते पोचले. पण काटा नीट वाचला जातोय की नाही हे बघायला कुणीतरी त्या ओट्यावर बसावं लागतं.

आशाताई सहा वर्षांची जुनी. कामाला चोख, एकही भेट न चुकवणारी. बाळाची आई आणि आजी समोर बसलेल्या. गावाने ज्या बाईवर विश्वास टाकलाय तिची चूक चारचौघांत काढली, तर पुढच्या घरी तिचं कुणी ऐकत नाही. म्हणून मी एवढंच म्हटलं, "ताई, थंडीत स्प्रिंग आखडते कधी कधी. झोळी रिकामी टांगून एकदा काटा बघू या का?"

तिने बाळ आईकडे दिलं आणि रिकामी झोळी अडकवली. काटा शून्यावर नव्हता, १५० वर होता. ती दोन क्षण काट्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता वरचं बटण फिरवून तिने तो शून्यावर आणला.

झोळीचं वजन वजा करायला ती पहिल्या भेटीपासून विसरत आली होती. आणि थंडीपायी बाळाला स्वेटर, टोपी, दुपट्यासकट मोजत होती. हे सगळं काढून, फक्त लंगोटावर, शेगडीजवळच्या उबेत तिनेच पुन्हा वजन केलं. काटा डोळ्याच्या रेषेत आणला, बाळाची हालचाल थांबायची वाट पाहिली आणि मग वाचलं. २,०५०. चारशेचा फरक: दीडशे झोळीचे, अडीचशे कपड्यांचे.

चूक दर वेळी सारखीच होती, म्हणून तक्ता चढता दिसत होता. जन्मवजन सोडून पुढच्या प्रत्येक आकड्यातून चारशे वजा केले तर बाळ तिसऱ्या दिवशी १,९५० वर उतरलेलं होतं आणि एकविसाव्या दिवशीही जन्मवजनाला पोचलेलं नव्हतं. आजवर ते २,३०० च्या आसपास असायला हवं होतं.

त्यानंतरचं सगळं ताईने केलं, मी फक्त घड्याळ धरलं. थर्मामीटर काखेत, बीप वाजेपर्यंत: ९६.६. निरोगी बाळाचं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट असतं आणि ९७ च्या खाली गेलं की बाळ गार पडलंय असं समजायचं. तळपाय हाताला गार लागत होते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजले. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच भरभर चालतो, मध्येच थांबतो. ५२ भरले. साठ किंवा जास्त असते तर लगेच दुसऱ्यांदा मोजावे लागले असते. छाती आत ओढली जात नव्हती, बेंबी कोरडी होती, पोट मऊ होतं. स्तनाला लावलं तर चोखत होतं, पण दोन मिनिटांत झोपून जात होतं.

"दिवसातून किती वेळा पाजतेस गं?"

"रडलं की. पाच-सहा वेळा."

आजी कौतुकाने म्हणाल्या, "लई गरीब बाळ. रडतच नाही. रातभर निजतंय."

कमी वजनाच्या बाळाबाबत हेच वाक्य सगळ्यात फसवं. अशा बाळाला रडायला ताकदच नसते. भूक लागली तरी ते झोपतं, झोपलं की पाजणं चुकतं, पाजणं चुकलं की अंगात ऊब राहत नाही आणि गार पडलेलं बाळ आणखी कमी चोखतं. त्यातून रोजची आंघोळ आणि मालीश, म्हणजे अर्धा तास उघडं अंग. आंघोळीनंतर चमचाभर घुटी, की पुढचं पाजणं दोन तास लांबलंच. घरात कुणी हयगय केली नव्हती. एक शेगडी, चार दुपटी, दोन जागती माणसं त्या बाळासाठी होती. फक्त ही साखळी कुणाला दिसत नव्हती, कारण कागदावर बाळ वाढत होतं.

आधी ऊब. आईच्या छातीवर बाळ उभं ठेवलं, उघड्या अंगाला उघडं अंग. बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट. मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ लुगड्याची घडी दोघांभोवती बांधली आणि त्यावर शाल. एकदा बांधलं की तासभर तरी सोडायचं नाही; दहा-वीस मिनिटांनी काढून-घालून उपयोग नसतो, उलट बाळाला त्रास होतो. दिवसाचे आठ तास तरी असं ठेवावं, जमेल तितकं जास्त.

मी आजींना विचारलं, "आजी, ही जेवायला उठली की बाळ तुमच्या छातीशी बांधायचं का?" त्या आधी हसल्या, मग पदर सावरून म्हणाल्या, "माझी ऊब चालंल का?" चालते. वडिलांचीही चालते. त्या एका प्रश्नाने घुटीचा विषय निम्मा सुटला, कारण बाळासाठी करायचं दुसरं काहीतरी आता आजींच्या हातात आलं होतं.

मग दूध. दर दोन तासांनी उठवून पाजायचं, रात्रीसुद्धा. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. उठवायला तळपाय चोळायचे, दुपटं सैल करायचं. एका बाजूचं पूर्ण संपल्यावरच दुसरी बाजू, कारण शेवटी येणाऱ्या दाट दुधात स्निग्धांश जास्त असतो. चोखता चोखता झोपलं तर उरलेलं वाटीत पिळायचं: अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. ते वाटी-चमच्याने पाजायचं. घरात चांदीचं बोंडलं होतं. उकळून घेतलं तर तेही चालेल म्हटल्यावर आजींनी ते लगेच डब्यातून काढलं.

तासाभराने तापमान ९७.९ झालं. इथे थांबण्याचा मोह होतो. पण जन्मवजन न गाठलेलं आणि गार पडलेलं बाळ संसर्गाने सुस्त झालंय की नुसतं उपाशी आहे, हे ओट्यावर ठरवता येत नाही. फोन मी लावला नाही, ताईला लावायला सांगितला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तिने वजन, तापमान, श्वास, चोखणं असं ओळीने सांगितलं आणि आधीची वजनं मोजताना चूक झाली होती हेही सांगितलं. हे वाक्य म्हणताना तिचा आवाज बारीक झाला होता. १०२ ची रुग्णवाहिका आली. आजारी बाळाची वाहतूक, तपासणी, औषधं 'जननी-शिशु सुरक्षा' या सरकारी योजनेत मोफत असतात, पण गाडीचे पैसे पडतील या भीतीने घरचे अडखळतात, म्हणून हे आपण आधी सांगायचं असतं. बाळ आईच्या छातीला बांधलेलंच गाडीत बसलं. वाटेत गार पडणारी बाळं बहुतेक कपड्यांच्या गाठोड्यात नेलेली असतात.

ग्रामीण रुग्णालयात संसर्ग निघाला नाही. तिसऱ्या दिवशी बाळ घरी आलं.

पुढच्या बैठकीला सगळ्या आशांना काटे घेऊन बोलावलं आणि दुकानातून मिठाच्या एक-एक किलोच्या दोन पिशव्या आणल्या. तपासणी साधी: रिकामी झोळी टांगून शून्य करायचं, दोन्ही पिशव्या घालायच्या, काटा दोन किलोवर आला पाहिजे. दोनच पिशव्या का, तर आपल्याला ज्या वजनाची काळजी असते ते दोन किलोच्या आसपास असतं. अर्ध्या किलोला बरोबर दाखवणारी थकलेली स्प्रिंग दोन किलोला चुकते. एकोणीस काट्यांपैकी तीन काटे शंभर किंवा जास्त ग्रॅमने चुकले. ते बाजूला काढून बदली मागितले. पण काटा बरोबर असूनही झोळी वजा न करणाऱ्या आठ जणी निघाल्या. म्हणजे दोष काट्यापेक्षा आमच्या शिकवण्यात जास्त होता. प्रशिक्षणात काटा एक आणि आशा तीस, त्यामुळे बटण प्रत्यक्षात फिरवलं दोघी-तिघींनीच. बाकीच्यांनी बघितलं.

ते प्रात्यक्षिक त्या दिवशी आशाताईने घेतलं. मी तिला आधी विचारलं होतं, स्वतःची चूक सांगशील का. ती उभी राहिली, चारशे ग्रॅम कसे आले ते फळ्यावर मांडलं आणि प्रत्येकीच्या हातून बटण फिरवून घेतलं. तासाभराचं काम होतं, दोन तास लागले. तक्त्याच्या समासात 'शून्य पाहिलं' अशी खूण करायची, हीही तिचीच सूचना.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. नेतृत्व हा शब्द त्यांना शोभतो. पण आशा आणि गटप्रवर्तक आजही मानधनावर आहेत आणि सहा भेटींचे मिळून २५० रुपये हा मोबदला त्या कामाला फार तोकडा आहे, हे मला मनापासून वाटतं आणि बैठकीत मी ते सांगतेही. वर जाण्याच्या वाटा अरुंद आहेत, पण आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांचं प्रमाणीकरण होतं. गटप्रवर्तक व्हायला पदवी लागते, ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरचं सांभाळून करता येते. आशाताईने त्या जूनमध्ये बीएच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. मुलाखतीला जायची वेळ येईल तेव्हा प्रमाणपत्रासोबत तुझी वहीही ने, असं मी तिला सांगून ठेवलंय. कुठलं बाळ, काय आढळलं, काय केलं, पुढे काय झालं, असे चार रकाने त्यात ती तारखेनिशी लिहिते.

त्या बाळाचं वजन अठ्ठाविसाव्या दिवशी २,२५० भरलं, बेचाळिसाव्या दिवशी २,६५०. दोन्ही वेळा समासात खूण होती.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. दुसऱ्या वाडीतलं बाळ, दवाखान्यात जन्मलेलं, तिसरा दिवस. "मॅडम, जन्माचं वजन अठ्ठावीसशे लिहिलंय आणि माझ्या काट्यावर चोवीसशे येतंय. झोळी वजा केली, कपडे काढले, मिठाची पिशवी टांगून काटापण बघितला. तीन दिवसांत चारशे उतरले म्हणजे दहा टक्क्यांच्या वर गेलं. बाळ चोखतंय चांगलं, तापमान अठ्ठ्याण्णव, लघवी सात वेळा झाली. मला वाटतंय तिथलं वजनच दुपट्यासकट घेतलंय, पण नक्की नाही सांगता येत. मी डॉक्टरांना कळवलंय, ते उद्या बघतो म्हणालेत. तोवर दर दोन तासांनी पाजायला सांगितलंय, सकाळी परत वजन करते. आणि मॅडम, त्या सिस्टरना काटा तपासा म्हणून मी सांगू, का तुम्ही सांगता?"

"तूच सांग," म्हटलं. "आणि मिठाच्या पिशव्या घेऊन जा."