होकार मिळेपर्यंत

गौरी गेल्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळात भांडण ऐकायला गर्दी व्हायची. बाकीच्या पेठांत लोक देखावे बघत फिरायचे, लेझमाचे डाव बघायला उभे राहायचे. आमच्याकडे सतरंज्या, एक माइक, दोन खुर्च्या आणि त्या खुर्च्यांवर एकमेकांचं न पटणारी दोन माणसं. कार्यक्रमपत्रिकेवर 'विचारसभा' छापलेलं असायचं, पण लहानथोर सगळे तिला 'वादाची रात्र' म्हणत. दिवाळीपेक्षा मी तिची वाट जास्त बघायचे.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी, शाळेत मराठी. दिवसभर मागांची खडखड, आणि ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, नवरात्रात रूपाभवानी, मोहरमात पंजे, संक्रांतीला सिद्धेश्वरांची जत्रा, म्हणजे गड्डा. इतक्या श्रद्धा भिंतीला भिंत लावून राहतात तिथं कुरबुर होणारच, आणि ती व्हायची.

वादाची रात्र सुरू झाली तीही एका बकऱ्यावरून. आषाढात आमच्या शेजारच्या अक्कांकडे पोचम्मा देवीला बकरं कापायचे. त्यांच्या पलीकडे जैन मावशी. एका वर्षी धुतलेलं पाणी गटारातून वाहत मावशींच्या उंबऱ्यापाशी गेलं. मावशी बोलल्या, "माणसं आहात का कोण आहात?" अक्काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "तुम्हीच तेवढ्या देवाच्या लाडक्या का?" मग बोलणं बंद. नळाच्या पाण्याचे नंबर दोघी वर्षानुवर्षं एकमेकींसाठी धरायच्या, तेही बंद. गणपती बसले तरी अबोला सुटेना, तेव्हा शाळेत मराठी शिकवणारे आमचे गुरुजी मध्ये पडले. त्यांनी कुणालाच माफी मागायला लावली नाही. म्हणाले, "रविवारी दोघींनी यायचं. आधी समोरचीची बाजू सांगायची. तिनं 'हो, अस्संच' म्हटलं की मग आपली."

शास्त्रार्थातली ही जुनीच रीत. पूर्वपक्ष आधी, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल असा मांडायचा, मग उत्तर. पंडितांच्या सभेतली ती रीत गुरुजींनी विड्या वळणाऱ्या बायकांच्या हाती दिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मावशींना पहिल्यांदा जमलं नाही. "यांची अंधश्रद्धा अशी की..." एवढं म्हणताच अक्कांनी मान हलवली. गुरुजी म्हणाले, "वहिनी, घरी जाऊन त्यांनाच विचारा." दोन दिवसांनी, सगळ्यांसमोर मावशी पुन्हा उभ्या राहिल्या. "अक्कांच्या सासूबाई तेलंगणातून आल्या तेव्हा पोचम्माला सोबत घेऊन आल्या. देवीच्या साथीत त्यांची दोन लेकरं गेली. तिसरं वाचलं, तेव्हा त्यांनी आईला शब्द दिला. तो शब्द अक्का पाळायलेत. त्यांनी सोडला आणि घरात काही वाईटवंगाळ झालं, तर बोल अक्कांनाच लागणार." अक्का म्हणाल्या, "हो. अस्संच." मग मावशी आपलं बोलल्या, "तरी मला पटत नाही. त्या बकऱ्यालाही आई असते."

अक्कांची पाळी आली. जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत असतं, म्हणजे गणपतीच्याच दिवसांत. अक्का म्हणाल्या, "वहिनींचे उपास चाललेत. दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत. आता बोलून घसा सुकलाय, तरी तांब्याला हात लावला नाही, मी बघायले. मुंगी चुकवून चालणारी बाई ही. तिच्या दारात रक्त गेलं म्हणजे तिचं एवढ्या वर्षांचं व्रत मी मोडलं, असं तिला वाटलं." मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

बकरं बंद झालं नाही. पुढच्या आषाढापासून ते गल्लीबाहेर, देवळापाशी व्हायला लागलं, आणि त्या दिवशी अक्कांची धाकटी लेकरं मावशींकडे जेवायला लागली. दोघींचं मत बदललं नाही. नळाचे नंबर पुन्हा एकमेकींसाठी धरले जाऊ लागले.

माणसं धर्मावरून इतकी का भांडतात, याचं उत्तर मला या सभांनी दिलं. श्रद्धा आपण विचार करून बहुधा निवडत नाही. ती आईच्या हाताबरोबर येते, आजीच्या गोष्टीबरोबर येते, गेलेल्या माणसांची आठवण म्हणून राहते. कुणी म्हणालं, "तुझं चुकतंय," की आपल्याला ऐकू येतं, "तुझी आई वेडी होती." मग मुद्दा मागे पडतो आणि माणूस आईच्या बाजूनं उभा राहतो. शिवाय देवाच्या नावानं होणाऱ्या कितीतरी भांडणांत देव नसतोच. रस्ता कुणाचा, आवाज किती, मिरवणूक आधी कुणाची, भाड्यानं खोली कुणाला द्यायची, यांची ती भांडणं असतात. ती वेगळी काढून मिटवता येतात. पण देवाच्या पदरात टाकली की माघार घेणाऱ्याला पाप केल्यासारखं वाटतं.

"सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" या वाक्याला सभेत बंदी होती. दरवर्षी कुणीतरी पाहुणा ते म्हणायचाच, आणि गुरुजी हात जोडून थांबवायचे. जैन परंपरा जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही, इस्लाम एकाच अल्लाहला मानतो, बुद्ध आत्म्यालाच नाकारतात. हे सगळं एक कसं? एक आहे असं म्हटलं की ऐकायची गरजच उरत नाही, असं गुरुजींचं म्हणणं. मला ते फार पटतं. गोड बोलून दुसऱ्याचं वेगळेपण पुसणं हाही त्याचा अनादरच.

याची कसोटी लागली ती बौद्ध वस्तीतल्या दादांच्या वर्षी. दादा कॉलेजात होते, वाचणारे. त्यांनी कळवलं, "मी येतो, पण गणपतीच्या मांडवात बसणार नाही." १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या एका प्रतिज्ञेत गौरी-गणपतींना देव मानणार नाही, असं स्पष्ट आहे. मंडळात खळबळ उडाली. काही जण म्हणाले, गणपतीच्या वर्गणीतून गणपती नाकारणाऱ्याला माइक कशाला? गुरुजींनी मार्ग काढला. सतरंज्या समोरच्या शाळेच्या पटांगणात गेल्या. त्या वर्षापासून सभा तिथंच होते.

दादांची बाजू मांडायची चिठ्ठी निघाली मंडळाच्या अध्यक्षांच्या नावानं. कपाळाला गंध, डोक्याला मंडळाचा फेटा. ते म्हणाले, "ज्या देवळाच्या पायरीवर यांच्या आजोबांना उभं राहू दिलं नाही, त्या देवळातल्या देवाला यांनी हात का जोडावेत? नाशिकला काळाराम मंदिरासाठी १९३० साली सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. म्हणून हे निघून गेले." आम्हाला वाटलं, झालं. दादा म्हणाले, "नाही. अर्धंच आहे. आम्ही नुसते रागानं गेलो नाही. बुद्धाचा मार्ग आम्हाला विचारानं पटलाय. तुम्ही आमचं दुःख सांगितलं, आमची निवड सांगितली नाही."

पटांगणात चिडीचूप. अध्यक्ष खाली बसले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. या वेळी ते सावकाश बोलले. माणसानं स्वतःच्या बुद्धीनं पारखून घ्यावं, कुणी सांगितलं म्हणून मानू नये, जन्मानं कुणी उंच-नीच नाही, आणि हे नवसानं नव्हे, आचरणानं मिळवायचं असतं, असं काहीसं. दादा म्हणाले, "हो." नंतर त्यांनी अध्यक्षांची बाजू मांडली ती इतकी सुंदर, की मंडळाची पोरं टाळ्या वाजवायला लागली. गणपती म्हणजे या माणसाच्या वडिलांनी मिल बंद पडल्यावरही न चुकवलेले दहा दिवस, असं ते म्हणाले. अध्यक्षांना एवढं कुणी ओळखलं असेल, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

सगळ्यांत गरम रात्र मात्र दोन धर्मांमधली नव्हती. माग दुरुस्त करणारे आमचे जॉबर चाचा मोहरमात मनोभावे पंजे बसवायचे, आणि त्यांच्या पुतण्याला तो प्रकार धर्मात बसत नाही असं ठाम वाटायचं. आदल्या वर्षी चाचांनी लिंगायत अप्पांसमोर बसून मूर्तिपूजेची बाजू मांडली होती. "मातीला देव म्हणत नाहीत ही लोकं. देवाला बुलवतात, पाहुणा ठेवतात, मग परत पाठवतात. मिट्टी मिट्टीत जाते." अप्पांनी काब्याबद्दल सांगितलं होतं की तो देव नव्हे, सगळ्यांनी एकीकडे तोंड करावं म्हणून ठरलेली दिशा आहे. दोघं हसत उठले होते. चाचा-पुतणे मात्र तासभर एकमेकांना होकार देईनात. परक्याचं वेगळेपण माणूस सोसतो, घरातल्याचं सोसत नाही. शेवटी होकार मिळाला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि पोलिसांनी माइक बंद करायला सांगितला होता.

सभेच्या आधी आम्ही मुलं एकनाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' भारूड करायचो. सोळाव्या शतकात पैठणच्या एका ब्राह्मण संतानं हे लिहावं, ही केवढी गोष्ट आहे! दोघं एकमेकांच्या देवांची, ग्रंथांची यथेच्छ उणीदुणी काढतात, काही म्हणजे काही हातचं राखत नाहीत, आणि भांडता भांडता शेवटी एकमेकांना नमस्कार करून मिठी मारतात. गुरुजींची अट अशी, की हिंदूचं काम मुसलमान मुलानं करायचं आणि तुर्काचं हिंदू मुलानं. तालमीत खरं हसू यायचं ते आम्ही एकमेकांच्या आईकडे जाऊन उच्चार शिकायचो तेव्हा.

अप्पा संक्रांतीला बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालायचे. ते सांगायचे, आपलं गाव मुळातच वादाचं आहे. सिद्धरामेश्वर, म्हणजे आपले सिद्धेश्वर, इथं तळं खोदून घेत होते तेव्हा शरण संत अल्लमप्रभू आले, आणि तळी-देवळं बांधण्यातच अडकलेल्या या योग्याला त्यांनी टोकलं. कामकऱ्यांनी चिडून दगड मारले, सिद्धराम स्वतः संतापले, अशी कथा आहे. पण त्या वादातूनच ते अल्लमांबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपात गेले. तिथं सगळ्या जातींची माणसं, बायकाही, बसून वादच घालत होती. गड्ड्याच्या तोंडावर, १२ जानेवारीला, आम्ही शाळेतून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जायचो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ साली येरवड्यात एकाच दिवशी फाशी गेलेली आपल्या गावची माणसं. गुरुजी म्हणायचे, या चौघांचं देवाबद्दल एकमत होतं का, हे कुणी विचारलं का?

एकदा मंडळाची सहल कर्नाटकातल्या सन्नतीला गेली होती. तिथली चंद्रलांबा आमच्यातल्या काही घरांची कुलदेवी. पंढरपूरला चंद्रभागा म्हणवणारी भीमाच पुढं सन्नतीला जाते. तिथल्या कालिकेच्या देवळाचं छत १९८०च्या दशकात कोसळलं, तेव्हा मूर्तीखालची शिळा अशोकाच्या आदेशलेखांची निघाली. त्यांत बारावा आदेश आहे. त्याचा आशय असा, की वाणीवर ताबा ठेवावा. स्वतःच्या पंथावरच्या भक्तीपोटी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो. एकमेकांचा धर्म ऐकावा. ते ऐकून अक्का म्हणाल्या, "म्हणजे आईनं हे एवढी शतकं पायाखाली सांभाळून ठेवलं."

आता गल्लीत माग कमी झालेत. गुरुजी नाहीत, चाचा नाहीत. लोक मोबाइलवर आलेले मेसेज वाचून तापून येतात. त्या मेसेजमध्ये समोरच्याचं मत लिहिलेलं असतं, पण "हो, अस्संच" म्हणायला समोरचा तिथं नसतो. म्हणून तर मला ही सभा टिकायला हवी असं मनापासून वाटतं. गेली काही वर्षं अक्कांची नात ती चालवते. एका वर्षी डीजेवर वाद घेतला, आणि तेव्हापासून आमच्या मिरवणुकीत पुन्हा लेझीम आलं.

यंदाचा विषय तिनं कठीण निवडलाय. दुसऱ्या धर्मात लग्न. गल्लीतल्या एका घरात तो सध्या जिवंत आहे, आणि त्या घरातली आई लेकीशी बोलत नाही. मला वाटतं, लेकीचं बरोबर आहे. चिठ्ठीत मला बाजू आली ती आईची. तिला विचारल्याशिवाय मांडता येणार नाही, म्हणून फोन केला. आधी "कशाला उगाच" म्हणाली. मग म्हणाली, "मंगळवारी दुपारी ये. हे घरात नसतात. आणि वही घेऊन ये, मला भरपूर बोलायचंय."