तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं ‘डॉक्टरांना विचारा’च का?

“सिस्टर, रात्रंदिवस बाळाजवळ तुम्ही असता, मग काही विचारलं की ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच का म्हणता?” नातेवाईक विचारतात, ओळखीचे विचारतात, आणि बहुतेकांच्या बोलण्यात एक आरोप दडलेला असतो: तुम्ही लपवता.

हो, लपवतो कधीकधी. पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही.

जोखमीच्या बाळंतपणातली बाई घ्या. रक्तदाब १६०/११०च्या वर, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू. मी ठरल्या वेळेला तिच्या गुडघ्याखाली हातोडी मारते, श्वास मोजते, लघवीच्या पिशवीचा आकडा लिहिते. नवऱ्याला वाटतं, बाई बेजार आहे आणि ही हातोडी कसली वाजवतेय! पाय उडाला नाही तर औषध अंगात साठतंय, आणखी साठलं तर श्वास मंदावणार. लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली आली तरी तीच धास्ती, कारण हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशीच ठेवलेला असतो. एवढं सगळं माझ्याकडे असतं. पण “बाळ आजच काढणार का?” याचं उत्तर माझ्याकडे नसतं. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या स्टेरॉइडला निदान एक दिवस मिळावा असं सगळ्यांनाच वाटतं. आईचं शरीर तेवढी सवड देईल की नाही, हे डॉक्टरही तासातासाला ठरवत असतात. मी काही बोलले आणि संध्याकाळी उलटं झालं, की “सिस्टर तर म्हणाल्या होत्या” सुरू.

नवी होते तेव्हा मला हे सगळं आपली कातडी वाचवणं वाटायचं. घाबरलेल्या माणसासमोर तोंड मिटून बसायचं म्हणजे काय, म्हणून मी सीनियर सिस्टरांशी वाद घालायचे. त्या वेळची मी चुकत होते, असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्याला कारण एक आई. तिचं बाळ २९ आठवड्यांतच जन्मलेलं, वजन १ किलोच्या आसपास. नळीतून दोन-दोन मिलिलिटर दूध पचायला लागलं होतं. एका पहाटे फीडच्या आधी नळीतून पाहिलं तर सिरिंजमध्ये हिरवट पाणी आलं. पोट हाताला जरा ताठ लागलं. टेप लावली, घेर वाढलेला. आता हिरवं येणं म्हणजे काहीही असू शकतं. नळीचं टोक पुढे सरकलेलं असेल, कच्चं आतडं नुसतं मंद असेल, किंवा आतड्याला सूज येऊन ते सडायला सुरुवात झाली असेल. फीड थांबवलं, डॉक्टरांना उठवलं, एक्स-रे निघाला. रिपोर्टवर मोठ्या डॉक्टरांचं बोलणं व्हायचं होतं.

तेवढ्यात ती आली. टाके ओढत, भिंतीला धरून, हातात दुधाची छोटी बाटली. तळाशी जेमतेम दूध, वर चिकटपट्टीवर तिनेच लिहिलेली वेळ. “आज जास्त आलंय,” म्हणाली. “मघाचं प्यायला का तो?”

मी बाटली घेतली, फ्रीजमध्ये ठेवली आणि म्हणाले, “डॉक्टर राउंडला आले की बोला त्यांच्याशी.” तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली. राउंड व्हायला बराच वेळ होता.

बाळ वाचलं. उपाशी ठेवून, अँटिबायोटिकवर, ऑपरेशनशिवाय निभावलं. घरी जायच्या दिवशी ती सगळ्यांशी हसून बोलली. माझ्याजवळ आली तेव्हा म्हणाली, “तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?”

“नाही,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं. एक्स-रेचा अर्थ लावणं माझं काम नाही, आणि अर्धवट माहितीवर ‘आतडं’ हा शब्द मी तिच्या कानावर घातला असता तर तिने त्याचं काय केलं असतं?

“पण मी बरा होईल का असं नव्हतं विचारलं,” ती म्हणाली. “दूध प्यायला का, एवढंच विचारलं होतं.”

तिचं बरोबर होतं. नियमही आपल्या जागी बरोबर होता. हे दोन्ही एका वेळी कसं, ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. आता मी म्हणते, “फीड थांबवलंय, एक्स-रे काढलाय, का ते डॉक्टर सांगतील.” एका सीनियर सिस्टरना हे पसंत नाही. त्यांचं म्हणणं, ‘थांबवलंय’ म्हटलं की आई ‘का’ विचारणारच, मग तुझी जीभ तिथंच थांबेल कशावरून? बहुतेकदा थांबते.

तुम्हीही जरा वेगळं विचारून पाहा. ‘बाळ कसंय’ म्हटलं तर कोणतीही सिस्टर ‘ठीक आहे’च म्हणणार. रात्री श्वास किती वेळा थांबला, आपसूक सुरू झाला की तळपायाला टिचकी मारावी लागली, ऑक्सिजन वाढवला की कमी केला, हे विचारा. कमी केला म्हटलं तर भांडायला उठू नका. कच्च्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला जादा ऑक्सिजन बाधतो. आणि फीड थांबलं तरी दूध काढणं थांबवू नका, रात्रीसुद्धा. ठेवलेलं दूध लागतं, आणि आटलेलं परत आणणं फार जड जातं.