तुम्ही विचारलंत म्हणून: मिरजेला रेल्वेनंच का?

सोलापूरहून मिरजेच्या उरुसाला निघालो की सगळे तेच विचारतात. दारात मोटार आहे, रत्नागिरी–नागपूर रस्ता झालाय, मंगळवेढा-सांगोला करत तीन तासांत पोचाल, मग कुर्डुवाडीचा वळसा घालून रेल्वेनं कशाला? भाचा तर चिडूनच विचारतो, कारण त्याला 2014 साल माहीत आहे. आजवर मी "सवय आहे" एवढंच म्हणत आलो. ते खरं उत्तर नव्हतं.

उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीत गाणं होतं, तिथं कोणकोण गाऊन गेलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. उरूस चांद्र महिन्यानं येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आता तो थंडीत येतो. 2014 मध्ये ऐन उन्हाळ्यात होता.

आमच्या गाण्याच्या बाई तरुणपणी बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेच्या लहान गाडीनं मिरजेला जायच्या. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची आणि पुढं धूर खात, थांबत थांबत जायचं. खाँसाहेब 1937 मध्ये तिकडे मद्रासकडे, सिंगपेरुमाळ कोइलच्या फलाटावर वारले, ते सांगताना दरवेळी बाईंचा आवाज खाली यायचा. 2014 च्या उरुसाला बाईंचे गुडघे चालत नव्हते. मला म्हणाल्या, "तू चाललायस तर तंबोरा घेऊन जा. जवारी पार बसलीय, काढून आण." जवारी म्हणजे घोडीवर घासून तारेला येणारा गुंजारव. चाळीस वर्षांचा तंबोरा, मिरजेतच केलेला. त्याचा भोपळा आपल्या मंगळवेढ्याकडचा, हे त्या कौतुकानं सांगायच्या.

भाचा तेव्हाही मोटारीनं सोडतो म्हणाला होता. मीच नको म्हणालो.

कुर्डुवाडीपर्यंत ठीक होतं. भोपळा खिडकीशी बाकावर ठेवला होता, दांडी माझ्या खांद्याला टेकलेली. पंढरपूरला डबा भरला. एकादशी होऊन माळकरी मंडळी परत निघाली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "माणसाला जागा न्हाई आन् भोपळ्याला बाक!" एक म्हातारी समोर उभी होती, डोक्यावर बोचकं, पाय सुजलेले. "सरक की लेकरा जरा, पाय लई भरून आल्यात." मी भोपळा उचलून खाली दोन पायांत घेतला आणि तिला बसवलं.

सांगोल्याला आणखी माणसं चढली. दारातून कुणीतरी डाळिंबाचा क्रेट पायानं आत लोटला. पुढच्याला धक्का, त्याचा मला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि खोळीतल्या खोळीत चारही तारा एकदम झणाणल्या. मग एकेक करून थांबल्या. खर्जाची तार सगळ्यांत शेवटी.

मी खोळीच्या तोंडातून हात घातला. पुढची लाकडी तबकडी शाबूत लागली. मागं भोपळ्याला काठ लागला, धारेचा, आणि त्यातून अंगठा आत गेला. आतून भोपळा इतका हलका, पापुद्र्यासारखा असतो हे मला तेव्हा कळलं. म्हातारीनं विचारलं, "फुटलं का रं?" मी मान हलवून नाही म्हणालो. तिला अपराधी वाटू नये म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आज वाटतं, मलाच ते ऐकून घ्यायचं नव्हतं.

मिरजेत कारागिरानं भोपळा हातात फिरवून पाहिला. सांधून देतो म्हणाला, आवाजाचं मात्र सांगता येणार नाही. संध्याकाळी बाईंचा फोन आला. मी म्हणालो, "जवारीला वेळ लागणार आहे, ठेवून आलोय." आणि तीनही रात्री दर्ग्यात बसून गाणं ऐकलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. गाणं मनात उतरलं नाही, असंही म्हणता येत नाही. उतरलं. एका पहाटे डोळ्यांतून पाणी आलं, ते तंबोऱ्यासाठी होतं की गाण्यासाठी, मला आजही वेगळं करता येत नाही.

सोलापूरला येऊन आठव्या दिवशी बाईंना खरं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या हाताला लागलं नाही ना?" पुढं तंबोरा सांधून आला. त्यांनी लावला, डोळे मिटून बराच वेळ छेडला आणि खोळीत घालून भिंतीला उभा केला. शिकवणी त्यानंतर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर चालली. तीन वर्षांनी बाई गेल्या.

म्हातारीला जागा दिली ते बरोबरच होतं, असं तेव्हाचा मी म्हणायचो. भांडूनही म्हणायचो. पण उठून तिला माझी जागा देता आली असती, तंबोरा बाकावरच राहिला असता, आणि मी उभा राहिलो असतो. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. मिरजेपर्यंत उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं का? बहुतेक आलं होतं.

मोटारीनं गेलो असतो तर तंबोरा फुटला नसता. भाच्याचं हे म्हणणं मला मान्य आहे. तरी मी रेल्वेनंच जातो. सुरुवातीला ते प्रायश्चित्त वाटायचं, आता तो शब्द वापरवत नाही, कारण मला तो प्रवास आवडतो. मोटारीत मी सोलापूरचाच राहून मिरजेत उतरतो. गाडीत पंढरपूर मागं पडलं की कारखान्याचे हिशेब सुटत जातात, ढालगावच्या पुढं कान मोकळा होतो. बाईंचंही असंच व्हायचं का, ते त्यांना विचारायचं राहिलं. आणि सांगोला येतं तेव्हा मी जागा असतो, दरवेळी.

गेल्या खेपेला पंढरपूरलाच एक आजी चढल्या. म्हणाल्या, "सरकता का दादा?" मी उठून उभा राहिलो. बरोबर फक्त पाण्याची बाटली होती.