आतला पॅड

मी कर्वेनगरला छोटं गॅरेज चालवतो, तरी मागचे ब्रेक पॅड कुणी घरी बदलत असेल तर माझी हरकत नसते. बरा जॅक, दोन स्टँड, पाना-सॉकेटचा संच आणि धीर असला की काम होतं. फक्त जुने पॅड काढले, नवे घातले, एवढ्यावर थांबू नये. हे मी कळकळीने का सांगतो, त्यासाठी गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर कोथरूडच्या एका सोसायटीत काय झालं ते ऐका.

जुन्या गिऱ्हाइकाचा, एका काकांचा, फोन आला. "अहो, मुलगा मागचे पॅड बदलतोय, पण पिस्टन आत जाईना. जरा येता का? परवा पहाटे माणगावला निघायचंय, घरचा गणपती आहे."

पोरानं तयारी चोख केली होती. गाडी सपाट फरशीवर, पुढच्या चाकांना विटा, जॅकच्या जोडीला स्टँड, हँडब्रेक सोडलेला. कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, ऑइलच्या होजवर लोंबकळू न देता तारेनं स्प्रिंगला बांधला होता. बघूनच बरं वाटलं. नव्या जाड पॅडांना जागा व्हावी म्हणून कॅलिपरचा पिस्टन आत ढकलावा लागतो, आणि अडलं होतं तिथेच: सी-क्लॅम्पने दाबूनही तो हलेना.

"दादा, पुढचे तर दाबूनच आत गेले होते."

पुढचे जातात. पण हँडब्रेकची केबल थेट मागच्या कॅलिपरला येत असेल, तर पिस्टनच्या आत स्क्रू असतो. पॅड झिजेल तसा तो पिस्टनला बाहेर धरून ठेवतो. असा पिस्टन नुसता रेटला तर आतली यंत्रणा मोडते आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. तो बरणीच्या झाकणासारखा फिरवत आत घालायचा, सोबत थोडा दाब द्यायचा. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पण काहींत एका बाजूचा उलटा फिरतो, म्हणून आधी खात्री करायची. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर मोटर आधी सर्व्हिस मोडला, म्हणजे पॅड बदलण्याच्या स्थितीत, न्यावी लागते, त्याआधी पिस्टनला हातच लावायचा नाही.

सुदैवाने क्लॅम्पवर त्याने फार जोर केला नव्हता. मी टूल लावलं, पिस्टन सावकाश आत गेला. बॉनेटखाली ब्रेक ऑइल चढून सांडू नये म्हणून त्याला सिरिंज घेऊन उभं केलं होतं. ते ऑइल रंगावर पडलं की रंग खातं.

मग लक्ष गेलं जमिनीवरच्या जुन्या पॅडांकडे. बाहेरच्या पॅडवर सहाएक मिलिमीटर माल शिल्लक होता. आतल्यावर काहीच नव्हतं. नुसती लोखंडी पट्टी, घासून चकाकणारी, कडेला निळसर झालेली. उजव्या चाकाचे पॅड उघडून बघितले तर दोन्ही सारखे झिजलेले.

एकाच चाकाचा एकच पॅड संपतो तेव्हा दोष पॅडचा नसतो. या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच्या रेट्याने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन सरकली नाही की सगळा भार आतल्या पॅडवर येतो. ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कवर घासत राहतो.

वरची पिन बोटाने हलली. खालची हलेना. स्प्रे मारून, व्हाइस ग्रिपने पुढे-मागे फिरवत काढली, तर टोकाचं रबर फुगलेलं, आणि त्यावर तपकिरी, वाळून चिकट झालेलं ग्रीस. आधी कुणीतरी चेसिसचं साधं ग्रीस भरलं होतं. पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं. पिनांना ब्रेकसाठी बनवलेलं सिलिकॉनचं ग्रीसच लागतं.

डिस्क बाहेरून गुळगुळीत, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. आतून बोट फिरवलं तर खोल चऱ्या. जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला (कडेला उंचवटा राहतो, व्हर्नियर तिथे फसवतो). डिस्कवर किमान जाडी ८ मिलिमीटर कोरलेली, भरली ७.४.

काका म्हणाले, "आवाज यायचा खरा. मला वाटलं, पावसाचा गंज." पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कला गंज धरतो, पण तो आवाज दोन-चार ब्रेकांत जातो. हा जात नव्हता.

"आता नवे पॅड आहेत ना? डिस्क परत आल्यावर बघू."

मी सरळ नाही म्हटलं. ताम्हिणी उतरायचा, तोही पावसात, गाडीत घरची माणसं. पातळ झालेली डिस्क लवकर तापते. त्यात ब्रेक ऑइल बरीच वर्षं बदललेलं नव्हतं. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० धरतात. ऑइल उकळलं की पेडल थेट खाली जातं. काका थोडे नाराज झाले, पण गाडी स्टँडवरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पेठेतून दोन्ही मागच्या डिस्क, पिन किट आणि ऑइल आणलं. डिस्क जोडीनेच बदलतात. बसवायचं काम पोराकडूनच करून घेतलं. आतल्या पॅडच्या पाठीवरचा उंचवटा पिस्टनच्या खाचेत बसला का, हे त्याला दोनदा बघायला लावलं. तो बाहेर राहिला तर पॅड तिरका झिजतो. मग ऑइल बदललं, ऑइलच्या नळ्यांतली हवा काढली, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारलं, व्हीलनट टॉर्क पान्याने आवळले.

चांदणी चौकाच्या पुढे मोकळा रस्ता बघून पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू ब्रेक मारत नवे पॅड नव्या डिस्कशी घासून जुळवून घेतले, मध्ये गार व्हायला वेळ दिला. परत आल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात धरला, ऊब सारखीच होती. काकांना घाटात गिअर खालचा ठेवायला सांगितलं. पुढच्या चाकांच्या पिना दिवाळीच्या सुटीत पोरगा उघडणार असं ठरलं. ग्रीसची ट्यूब मी त्याच्याकडेच ठेवून आलो.