तुम्ही विचारलंत म्हणून: बँकांच्या रोख्यांबद्दल

"अमेरिकेतल्या मोठ्या बँकांकडचे रोखे वाढले की मंदी येते का हो?" हे मला कोणीतरी विचारतंच. त्यामागोमाग, जरा हळू आवाजात, दुसरा प्रश्न येतो: "मग २०२३ मध्ये तिथली सिलिकॉन व्हॅली बँक बुडणार, हे तुम्हाला आधी कसं कळलं नाही?" पहिल्याचं उत्तर देऊन देऊन थकलो. दुसऱ्याचं आजवर टाळलं.

पहिलं आटोपतो. फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा (थोडक्यात 'फेड'), एच-८ तक्ता दर शुक्रवारी दुपारी सव्वाचारला येतो; बँकांकडची कर्जं, रोखे, ठेवी यांची त्यात बेरीज असते. पहिल्या २५ देशी बँका त्यात 'मोठ्या' म्हणून वेगळ्या असतात. कर्जाला गिऱ्हाईक नाही आणि ठेवी तर येतच आहेत, असं झालं की बँक तो पैसा सरकारी रोख्यांत आणि गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांत घालते. म्हणजे रोखे वाढणं ही बहुतेकदा कर्जाची मागणी थंडावल्याची खूण. तोवर मंदी बरेचदा दारात येऊन उभी असते. २०२०-२१ मध्ये तर सरकारी मदत आणि फेडची रोखेखरेदी यांनीच ठेवी फुगल्या होत्या.

आता दुसरं. २०२१ च्या शेवटी मी कामाच्या टिपणात लिहिलं, "बँकांकडे इतके सरकारी रोखे आहेत, पाया भक्कम आहे." टिपण वाचून ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: "कुठल्या भावाने?" मी उत्तर दिलं नाही. अमेरिकन सरकार पैसे बुडवणार नाही, मग भावाचं काय एवढं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर प्रश्न बाळबोध वाटला.

मार्च २०२२ पासून व्याजदर शून्याजवळून चढत गेले, वर्षअखेर सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर पोचले. नवे रोखे जास्त व्याज देऊ लागले, म्हणून कमी व्याजाच्या जुन्या रोख्यांचे भाव कोसळले. मुदत संपेपर्यंत ठेवायचे म्हणून नोंदवलेले रोखे तक्त्यात खरेदीच्या हिशेबानेच दिसतात, विक्रीसाठी ठेवलेले बाजारभावाने. तक्त्यातला रोख्यांचा आकडा खाली आला तेव्हा मी लिहिलं, बँका रोखे विकून कर्जं देत आहेत. त्या घसरणीतला काही भाग विक्रीचा नव्हताच, पडलेल्या भावाचा होता.

१० मार्च २०२३, शुक्रवार. सिलिकॉन व्हॅली बँकेने बुधवारी सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा जाहीर केला होता. गुरुवारी एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज काढायला घेतले. शुक्रवारी सकाळी बँकेला टाळं. आणि सव्वाचारला तक्ता आला, नेहमीसारखा. शेवटचा आकडा १ मार्चच्या बुधवारचा. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. त्या बेरजेत ती बँक अजून धडधाकट होती, तिचे रोखे मोजलेले होते, सगळं जागच्या जागी. मग खणातून जुनं टिपण काढलं. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

माझी बाजूही ऐका. हा तक्ता एकेका बँकेची नाडी बघायला केलेलाच नाही. त्यात सगळ्यांची बेरीज असते, तीही नऊ दिवस जुनी. २०२१ मधला मी अजूनही भांडतो, की ठेवीदार एका दिवसात पळतील हे कोणाला ठाऊक होतं? ते ठाऊक नव्हतं, मान्य. पण भाव विचारायला ते ठाऊक असायची गरज कुठे होती? अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाच्या तिमाही आकड्यांत बँकांच्या रोख्यांवरचा २०२२ च्या अखेरचा कागदावरचा तोटा सुमारे ६२० अब्ज डॉलर, सर्वांसमोर छापलेला होता. तो मी वाचला आणि वेगळ्या फाइलीत ठेवला.

आता रोख्यांच्या ओळीखाली मी ठेवींची ओळ लिहितो आणि तिच्याखाली तो तिमाही तोटा. याने पुढची पडझड आधी दिसेल का? काही वेळा वाटतं, दिसेल. काही शुक्रवारी वाटतं, मी नुसत्या ओळी वाढवतोय. बाईंना उत्तर द्यायचं राहिलंच आहे.